ताम्रभूमी आणि तृणभूमी : बिरसा परिसरातील खाणींचा व वनांचा इतिहास



इतिहासविषयक व्याख्यानासाठी खाण आणि अरण्य हा विषय निवडला याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु राजवटी येतात आणि जातात, त्यांच्या सनदा दप्तरखान्यात पिवळ्या पडतात. भूमीवर उमटलेल्या खुणा मात्र शतकानुशतके टिकतात. डोंगर फोडून केलेला खड्डा हाही एक ऐतिहासिक दस्तऐवजच होय. तो वाचावयास आपण शिकले पाहिजे.

या वाचनासाठी मी बिरसा हा प्रदेश घेतला आहे. मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची ही एक तहसील. हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातून वर चढले की बैहर आणि बिरसा यांचे पठार लागते. हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होता. त्यामुळे त्याचा इतिहास हा आपल्या विदर्भाच्या इतिहासाचाही भाग आहे. पठारावरून वाहणारी बंजर नदी कान्हाच्या वनातून पुढे मंडल्याजवळ नर्मदेस मिळते. एकाच नदीच्या खोऱ्यात देशातील एक प्रमुख तांब्याची खाण आणि देशातील एक प्रमुख व्याघ्रप्रकल्प यावेत, हा या प्रदेशाचा विशेष होय. आजच्या विवेचनाचे मूळही त्यातच आहे.

या जिल्ह्याचा धातूंशी संबंध फार जुना आहे. १८७० साली गुंगेरिया या गावी जमिनीखाली तांब्याची ४२४ हत्यारे आणि रुप्याचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले. हा निधी भारतीय ताम्रयुगाच्या अभ्यासात प्रसिद्ध असून त्यातील काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तथापि, त्या प्राचीन कारागिरांनी डोंगर नाहीसा केला नव्हता. भूमीचे रूप पालटून टाकणारे खाणकाम विसाव्या शतकाबरोबर आले.

त्याचा आरंभ मँगनीजपासून झाला. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी स्थापन झाली आणि नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यात खाणी सुरू झाल्या. युरोपातील पोलादाच्या भट्ट्यांना हे खनिज हवे होते. लुईस फर्मोर या भूशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर लिहिलेला विस्तृत ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन होऊन या खाणी तिच्याकडे आल्या, आणि १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी मालकीची झाली. खनिज काढताना निघालेले निरुपयोगी दगड व माती यांचे काय करावयाचे, हा प्रश्न या दीर्घ कालखंडात फारसा कोणी विचारला नाही. ते खाणीच्या कडेला टाकले गेले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या. त्या टेकड्यांवर गवतही धड उगवत नसे. कारण तो खोलवरचा दगड होता. त्यात नत्र नव्हते, सेंद्रिय द्रव्य नव्हते आणि मुळांना साहाय्य करणारे सूक्ष्मजीवही नव्हते.

या पठारावर राहणाऱ्या बैगा जमातीची भूमीविषयीची कल्पना या ठिकाणी आठवते. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेचे वक्ष विदारणे होय, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून ते झाडेझुडपे तोडून व जाळून त्या राखेत बी फेकीत. या शेतीस ते बेवर म्हणत. इंग्रज सरकारने वनांचे संरक्षण या नावाखाली बेवरावर बंदी घातली आणि १८९० साली मंडला जिल्ह्यातील काही गावांपुरती, म्हणजे ‘बैगा चक’ या भागापुरती, ती मर्यादित केली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बैगांवरील ग्रंथात या लोकांना आपल्या पद्धतीने जगता यावे म्हणून एका प्रकारचे राष्ट्रीय उद्यान असावे, अशी सूचना केली होती. ती अंमलात आली नाही. ज्या राजवटीने कुऱ्हाडीने केलेली शेती वनास घातक ठरविली, त्याच राजवटीच्या काळात सुरुंगाने डोंगर फोडण्यास परवाने मिळत होते. ही विसंगती विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

राष्ट्रीय उद्यान झाले, पण ते वन्य प्राण्यांसाठी. बंजर खोऱ्यातील काही भाग १९३३ साली अभयारण्य म्हणून राखला गेला आणि १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. व्याघ्रप्रकल्पाची योजना १९७३ मध्ये सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या नऊ क्षेत्रांत कान्हाचा समावेश होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र येथील बारशिंग्याची कथा वाघाच्या कथेहून अधिक बोधप्रद आहे. कठीण भूमीवर वावरणारी बारशिंग्याची ही उपजात कान्हापुरतीच उरली होती आणि १९७० च्या गणनेत तिची संख्या अवघी ६६ भरली. शिकार, रोग आणि पिले लपविण्यास लागणाऱ्या उंच गवताचा ऱ्हास ही त्याची कारणे. उद्यानातील गावे बाहेर हलविण्यात आली, गुरांची चराई व वणवे यांना आळा घालण्यात आला, आणि काही प्राणी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवून वाढविण्यात आले. जेथे गावांची शेते होती तेथे गवत वाढले आणि त्या गवताबरोबर बारशिंगा परतला. आज त्याची संख्या हजाराच्या आसपास असून २०१५ पासून सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही त्याचे पुनर्वसन झाले आहे. या यशाची किंमत आपली गावे सोडणाऱ्या गोंड व बैगा कुटुंबांनी मोजली, हेही त्याच पानावर नोंदले पाहिजे.

आता बिरसा तहसिलीतील मलाजखंडकडे वळू. बालाघाटहून सुमारे ९० किलोमीटर अंतरावरील या टेकडीत सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तांबे दडलेले आहे. १९६९ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने येथे पद्धतशीर शोध घेतला आणि १९८२ मध्ये हिंदुस्थान कॉपर लिमिटेडचा प्रकल्प उभा राहिला. टेकडी होती तेथे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा झाला. देशास तांबे हवे होते, आणि आजही विजेच्या प्रत्येक तारेस ते हवे आहे. या परिसरातील अनेक कुटुंबांना खाणीने रोजगार दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण येथील अंकगणित समजून घ्यावे. धातुकात तांब्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. धातुक बारीक दळून, पाणी व रसायने यांच्या साहाय्याने त्यातील ताम्रयुक्त भाग वेगळा केला जातो. शंभर टन धातुकातून चार-पाच टन सांद्रित माल बाहेर जातो. उरलेला पंचाण्णव टन चुरा, ज्यास टेलिंग्ज म्हणतात, येथेच बांधाआड साठून राहतो. धातुकापर्यंत पोचण्यासाठी काढलेला दगड तो निराळाच. शिवाय या खडकात गंधकयुक्त खनिजे असतात. हवा व पावसाचे पाणी यांच्या संयोगाने त्यांपासून आम्ल तयार होते आणि ते आम्ल धातू विरघळवून ओढ्यानाल्यांकडे नेते. मलाजखंडच्या आम्लजलाचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केलेला आहे. ही क्रिया खाण बंद झाली म्हणून थांबत नाही. ज्या नदीकाठी बारशिंगे पाणी पितात, तिच्या खोऱ्यातील ही गोष्ट आहे.

कायदा या बाबतीत सावकाश जागा झाला. खाणी व खनिजे यांचा कायदा १९५७ चा, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा आणि वनसंवर्धनाचा १९८० चा. वरची सुपीक माती निराळी राखावी व खणलेली जमीन सुस्थितीत आणावी, असे कर्तव्य खनिज संवर्धन व विकास नियमांनी १९८८ मध्ये घातले. म्हणजे मलाजखंडची खाण सुरू झाल्यावर सहा वर्षांनी, आणि मँगनीजच्या खाणींनंतर सुमारे नव्वद वर्षांनी! खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करण्याचे बंधन २००३ मध्ये आले. या नियमांची देखरेख करणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपूरलाच आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यास, वनस्पतींस व प्राण्यांस योग्य करावी, अशी अट पट्टेधारकांवर घालण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. न्यायालयाने गवताचा उल्लेख करावा, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

हे शक्य आहे काय? आपल्या शेजारीच त्याचे उत्तर आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर प्रयोग केले. साखर कारखान्यातील प्रेसमडसारखे सेंद्रिय द्रव्य दगडमातीत मिसळले, नत्र स्थिर करणारे जिवाणू व मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांची जोड दिली, आणि साग, शिसू, कडुनिंब यांसारखी झाडे लावली. झाडे जगली, पाला गळून माती बनू लागली, आणि त्या मातीबरोबर हळूहळू कीटक व पक्षी आले. मसुरीच्या डोंगरांतील चुनखडीच्या खाणीही १९८० च्या दशकात न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्या आणि माजी सैनिकांच्या पर्यावरण दलाने तेथील उतार पुन्हा हिरवे केले.

मात्र हिरवेपणा आणि अधिवास या दोन गोष्टी एक नव्हेत. एकाच जातीची झाडे ओळीने लावली की अहवालात हेक्टरांची संख्या भरते. परंतु हरणास चारा लागतो, पिलास लपावयास गवत लागते, पक्ष्यास फळे व ढोली लागतात. बारशिंग्याने आपणांस हेच शिकविले. प्राणी झाडांच्या संख्येवर जगत नाही, तो आपल्या गरजा भागविणाऱ्या जागेवर जगतो. उलटपक्षी, खाणीची प्रत्येक खूण पुसलीच पाहिजे असेही नाही. जुन्या खाणींच्या उभ्या कड्यांवर शृंगी घुबड घरटे करते आणि सोडून दिलेल्या बोगद्यांत वटवाघळे वस्ती करतात. जेथे पाणी शुद्ध आहे अशा खड्ड्यांवर पाणपक्षी उतरतात. काय भरावे, काय राखावे आणि काय कायमचे बंदिस्त करावे, याचा निर्णय त्या जागेचा अभ्यास करूनच घ्यावा लागतो. विषारी पाण्याचा खड्डा हा तलाव नव्हे, आणि त्यास तलाव म्हणून गौरविणे ही फसवणूक ठरेल.

मलाजखंड येथे आता उत्पादनाचा भर उघड्या खाणीकडून भूमिगत खाणीकडे वळला आहे. त्यामुळे नवी जमीन उघडी पडण्याचे प्रमाण घटेल. पण चार दशकांत साचलेले ढिगारे, टेलिंग्जचे बांध आणि तो खड्डा यांचे भवितव्य ठरविण्याचा काळ हाच आहे. खाण चालू असते तोवर यंत्रे असतात, निधी असतो आणि उत्तरदायी मालक असतो. खाण बंद पडली की यांतले काहीच हाताशी राहत नाही. मँगनीजच्या जुन्या ढिगाऱ्यांनी हा धडा दिलेला आहे. या निर्णयात बैगा व गोंड शेजाऱ्यांना स्थान असावे, असेही मला आग्रहाने सांगावयाचे आहे. कोणते गवत कोणत्या उतारावर येते, कोणत्या नाल्याचे पाणी गुरे टाळतात, हे ते जाणतात. एकदा वनाच्या नावाने आणि एकदा खनिजाच्या नावाने त्यांना बाजूस सारले गेले. पुनरुज्जीवनाच्या नावाने तिसऱ्यांदा तसे घडू नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावाजवळही एखादी मुरुमाची वा गिट्टीची खाण असेल. तिचा इतिहास लिहा. ती कोणत्या साली सुरू झाली, तेथे पूर्वी कोणती झाडे होती, वरची माती कोठे गेली, पट्ट्याची मुदत केव्हा संपते आणि बंद करण्याच्या योजनेत काय लिहिले आहे, हे विचारा. वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि सरकारी कागद शेजारी शेजारी मांडून पाहा. अशी नोंद असेल तर उद्या कोणालाही ‘येथे आधी काहीच नव्हते’ असे म्हणता येणार नाही. ज्या भूमीला पूर्वी काय होते याची साक्ष आहे, तिलाच ते परत मागता येते.