अर्ध्या क्रमाची उतरंड

रुग्णालयातील रांग कितीही लांब असो, वैद्याला प्रथम पाहावयाचा असतो तो अत्यवस्थ रुग्ण. त्याच्यामागील शेकडोंचा क्रम त्या क्षणी लावीत बसणे व्यर्थ होय. कारण नवा रुग्ण येताच तो क्रम पुन्हा बदलणार.

१९६० च्या सुमारास गणकयंत्रांपुढे असाच प्रश्न होता, आणि त्यांची स्मृती तर फारच तुटपुंजी होती. टोनी होअर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली ‘क्विकसॉर्ट’ ही क्रम लावण्याची पद्धत एरवी वेगवान. परंतु संग्रहाचे सतत विषम भाग पडत गेले, तर दुप्पट सामग्रीला चौपट श्रम पडत. रॉबर्ट फ्लॉइड यांच्या १९६२ च्या वृक्षपद्धतीला जादा जागा लागे.

जून १९६४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या अमेरिकन मासिकात जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ‘हीपसॉर्ट’ मांडली. इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स या कंपनीत ते काम करीत. हीप म्हणजे ढीग. परंतु मराठी घरातील उतरंड या रचनेला अधिक जवळची. लहान मडके वर, मोठे खाली. भेद इतकाच, की येथे एकाखाली दोन असतात, आणि शेजाऱ्यांत लहान कोण याची चौकशीच नसते. वरचा अंक उचलला, की शेवटचा तेथे ठेवावयाचा व खालच्या दोहोंतील लहानाशी अदलाबदल करीत योग्य थरापर्यंत उतरवावयाचा. नवा अंक तळाशी ठेवून तसाच वर चढवावयाचा. दहा लाख अंकांना थर अवघे २०. सामग्री दुप्पट झाली, तरी थर एकच वाढतो. हे सारे एका सरळ यादीत मावते: ५ व्या स्थानाखालची स्थाने १० वे आणि ११ वे. उचललेला अंक शेवटी रिकाम्या झालेल्या जागी ठेवीत गेले, की जादा जागेवाचून संपूर्ण क्रम लागतो.

त्याच वर्षी डिसेंबरात फ्लॉइड यांनी तळापासून वर उतरंड रचण्याची अधिक जलद रीत दिली.

वेगात क्विकसॉर्ट बहुधा पुढेच राहिली. तथापि १९९७ साली डेव्हिड मसर यांनी दोहोंची सांगड घातली: क्विकसॉर्ट भरकटू लागली, की काम हीपसॉर्टकडे सोपवावे. अग्रक्रमाच्या रांगांसाठी तर ही उतरंड आजही वापरली जाते. गरजेपुरताच क्रम ठेवावा, हा तिचा संयमच तिचे सामर्थ्य ठरला.