ऐरणीपासून पोकलेनपर्यंत : आपल्या कारागिरीचा एक अलिखित अध्याय

समाजाच्या स्मरणिकेत कुलवृत्तांत, देवस्थानांची माहिती आणि दिवंगत कार्यकर्त्यांची चरित्रे यावीत, हे उचितच आहे. परंतु ज्या विद्येच्या बळावर आपल्या पूर्वजांनी घरे उभी केली, त्या लोहविद्येचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील प्रवास कोणी सलग लिहिलेला नाही. आपल्या लोहार-सुतार घरांतील अनेक तरुण आज माती उकरणाऱ्या व डोंगर फोडणाऱ्या अवजड यंत्रांच्या दुरुस्तीवर निर्वाह करीत आहेत. हा धंदा नवा दिसतो. पण त्याचे मूळ आपल्याच ऐरणीत आहे, हे या लेखात आम्हास सांगावयाचे आहे.

आष्टा हे कृष्णेच्या खोऱ्यातील, पेठनाक्याहून सांगलीस जाणाऱ्या मार्गावरील मोठे गाव. १९४९ पर्यंत ते अखंड सातारा जिल्ह्यात होते. नंतर दक्षिण साताऱ्यात आले, आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. या काळ्या जमिनीच्या मुलखात बारा बलुतेदारांपैकी लोहार आणि सुतार यांच्यावाचून कुणब्याचे पान हलत नसे. सुताराने चाक घडवावे, लोहाराने त्यावर धाव चढवावी. बोथटलेला फाळ भात्यावर तापवून पुन्हा धारेला आणावा, विळ्या-कुऱ्हाडींना पाणी द्यावे, आणि सुगीत खळ्यावर आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे, असा हा व्यवहार होता. लोखंड किती तापले हे त्याच्या रंगावरून आणि घाव कसा बसला हे त्याच्या नादावरून ओळखण्याची विद्या पुस्तकाविना पित्याकडून पुत्राकडे येत असे.

या व्यवहारास पहिला धक्का दिला तो लोखंडी नांगराने. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे आरंभी त्यांचे नांगर कोणी घेईना. पुढे मात्र त्यांचा सर्वत्र प्रसार झाला. या नांगराने गावच्या कारागिराचे काही काम हिरावून घेतले, हे खरे. पण त्याचबरोबर एक नवी दृष्टीही दिली. झिजलेला भाग पुन्हा घडविण्याऐवजी बोल्ट सोडवून दुसरा बसवावा, आणि तो नेमक्या मापाचा असावा, ही ती दृष्टी होय. पुढे विहिरींवरील मोटा गेल्या आणि तेलावर चालणारी इंजिने आली. ज्यांनी पिस्टन, नोझल आणि पंप उघडून पाहण्याचे धैर्य केले, ते काळाबरोबर पुढे गेले; जे भात्यापाशीच थांबले, त्यांना मजुरीची वाट धरावी लागली.

दुसरे मोठे वळण म्हणजे कोयनेचे धरण. १९५० नंतरच्या दशकात काम सुरू होऊन १९६४ च्या सुमारास हे १०३ मीटर उंचीचे धरण पुरे झाले. सह्याद्रीच्या पोटात बोगदे खोदून भूगर्भात वीजगृह उभारले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धरणास तडे गेले. तेव्हा ते पुन्हा बळकट करण्याचे कामही मोठ्या नेटाने झाले. या कार्याच्या इतिहासात मंत्री व अभियंते यांची नावे आढळतात. परंतु रात्री-अपरात्री बंद पडलेले यंत्र कंदिलाच्या उजेडात सुरू करून देणाऱ्या फिटरचे नाव कोणत्या ग्रंथात आहे?

ज्या यंत्रांची ही कथा, त्यांच्या जन्माची हकीकतही आपणांस जवळची वाटावी अशी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील स्टॉकटन गावी होल्ट बंधूंनी १८८३ साली काढलेला कारखाना गाडीची चाके बनविणारा होता. तेथील भुसभुशीत जमिनीत जड यंत्रांची चाके रुतत. म्हणून बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये चाकांऐवजी साखळीपट्ट्यावर चालणारे यंत्र करून पाहिले. इंग्लंडात जोसेफ बॅम्फर्ड यांनी १९४५ साली भाड्याच्या लहानशा गॅरेजात, जुन्या वेल्डिंग यंत्रावर शेतीची ट्रॉली बनवून आरंभ केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच आपली 'जेसीबी'. तिचे उत्पादन भारतात १९७९ पासून सुरू झाले. 'पोकलेन' हा शब्द तर एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून आपल्या बोलीत रुळला. चाके आणि ट्रॉल्या करणाऱ्यांनीच जगाला ही यंत्रे दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

या यंत्राचे बळ तेलाच्या दाबात आहे. मोठ्या पोकलेनमध्ये दर चौरस सेंटीमीटरवर तीनशे किलोंहून अधिक दाब असतो. या तेलात धुळीचा कण गेला तर पंप झिजतो, सील फाटते आणि लाखोंचे यंत्र माळावर उभे राहते. म्हणून चांगला मेकॅनिक पाना हाती घेण्यापूर्वी फडके हाती घेतो. पिन-बुश किती खिळखिळे झाले, साखळी किती सैल पडली, इंजिन कोणत्या आवाजात तक्रार करते, हे तो डोळ्यांनी व कानांनी पारखतो. हीच ती रंगावरून आणि नादावरून पारखण्याची जुनी विद्या!

मात्र येथे चूक प्राणावर बेतते. उचललेले बकेट जमिनीवर टेकविल्यावाचून वा भक्कम आधार दिल्यावाचून त्याखाली जाऊ नये. पाइपातून तेलाची बारीक चिळकांडी उडत असल्यास ती बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी. दाबाखालील तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येते. अशा वेळी घरगुती उपचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता तिसरे वळण समोर आहे. २०२१ पासून चाकांवरील बांधकाम यंत्रांना धुरासंबंधीचे अधिक कडक नियम लागू झाले आणि इंजिनांत संवेदक व संगणक आले. केवळ कानावर विसंबून यापुढे भागणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहार व सुतार आहेत. पण त्यांचाच वारस असलेला यंत्रदुरुस्त त्या यादीत नाही. हातात विद्या असून कागदावर ती नसेल, तर उपेक्षा ठरलेलीच. म्हणून आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिकसारखा अभ्यासक्रम पुरा करून मगच या क्षेत्रात उतरावे. ज्यांचे हात आधीच तयार आहेत, त्यांनी पूर्वानुभवाच्या कसोटीवर मिळणारे प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यावे.

शेवटी समाजबंधू-भगिनींना एक विनंती. ज्या घरातील वडीलधारी मंडळी धरणे, कालवे, रस्ते वा साखर कारखाने यांच्या कामावर यंत्रे राखीत होती, त्या घराने त्यांचे नाव, गाव, कामाचे ठिकाण व साल एका वहीत लिहून काढावे. एखादी हजेरीची चिठ्ठी वा जुने छायाचित्र असल्यास जपून ठेवावे. जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, त्यांच्यापाशी बसून त्यांच्या युक्त्या टिपून घ्याव्यात. राजांचे इतिहास लिहावयास बखरकार होते. आपला इतिहास आपणांसच लिहावा लागेल, आणि तो सांगणारी माणसे आहेत तोवरच लिहावा लागेल.