एकशे अठ्ठावीस चाकं

२०११ च्या उन्हाळ्यात आमच्या गावची लाईन तीन दिवस गेली होती. वादळ नव्हतं, डी.पी. जळली नव्हती, बिलही थकलं नव्हतं. रस्त्यावरून एक गाडी जायची होती, म्हणून तारा खाली उतरवल्या होत्या.

आमचं गाव देवरी तालुक्यात, हमरस्त्याला लागून. या रस्त्याला म्हातारी माणसं अजून 'जी.ई. रोड' म्हणतात, म्हणजे इंग्रजांचा ग्रेट ईस्टर्न रोड, नागपूरहून रायपूरकडे जाणारा. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० नंतरच्या नव्या मोजणीत ५३. नाव कोणतंही असो, हा रस्ता गुजरातेत समुद्राकाठच्या हजीऱ्याहून निघतो आणि आमच्या दारावरून जाऊन पूर्वेकडे ओडिशात उतरतो. अरबी समुद्रातला बराचसा नैसर्गिक वायू हजीऱ्याला किनाऱ्यावर येतो. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांना लागणारी पोलादी पात्रं घडवणारे मोठाले कारखानेही तिथंच. आमच्या धानाच्या बांध्यांचा आणि तेलाचा संबंध एवढाच, की त्याचं सामान कधीमधी आमच्या दारावरून जातं.

तरी आमच्याकडं अवजड वस्तू पहिल्यांदा आली ती या रस्त्यानं नव्हे, रेल्वेनं. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडाकडे मीटरगेज लाईन टाकली गेली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती लाईन घेऊन मोठी केली. पुढे गोंदियातून जबलपूरकडे आणि चांद्याकडे अडीच फुटी लहान लाईनी फुटल्या, आणि गोंदिया जंक्शन झालं. मग राईस मिली आल्या. मिलीला बॉयलर लागतो, आणि बॉयलर काही डोक्यावर वाहून नेता येत नाही.

माझे आजोबा अशाच एका बॉयलरची गोष्ट सांगत. देवरीकडच्या एका मिलीसाठी बॉयलर आमगाव स्टेशनावर उतरला. तिथून पुढे रेल्वे नाही. दोन बंड्या एकमेकींना जोडून, वर सागाच्या बल्ल्या टाकून त्यावर तो बसवला. जू हेल्यांच्या मानेवर. आठ जोड्या पुढं, आणि उतारावर गाडी पळू नये म्हणून मागं दोराला माणसं. वाटेतल्या प्रत्येक गावानं आपली माणसं पुढच्या शिवेपर्यंत द्यायची, मिलवाल्यानं माणशी दोन पायली धान द्यायचं, असं ठरलं होतं.

आमच्या गावाजवळ नाल्यावर दगडी मोरी आहे. ती मोरी पाहून बंडीवाल्यानं मान हलवली. तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "मोरीले भार नोको देऊ जी, नाल्याले दे. नाला काई मोडत नाई." मग नाल्याच्या पात्रात पळसाच्या फांद्या आणि तणस अंथरून, मोरीला बगल देऊन बॉयलर पलीकडं नेला. आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. त्यांच्या खांद्यावर दोराचा वळ उठला होता आणि घरी दोन पायली धान आलं होतं. वळाची गोष्ट ते दरवेळी सांगत, पण धानाची जास्त अभिमानानं सांगत.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचं अजस्र सामान मुख्यतः रेल्वेनंच गेलं. तिथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आमच्या भागातली कितीतरी माणसं तिकडं मजुरीला गेली आणि तिथंच राहिली.

पण रेल्वेला एक चौकट असते. आमच्याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकशाचा बोगदा आहे. हावड्याकडं जाणारं सामान त्या भोकातून पार झालं पाहिजे. शिवाय वर पंचवीस हजार व्होल्टची तार. वस्तू त्या चौकटीत बसली नाही, तर तिला रूळ बंद. कंटेनरचंही तसंच. नागपूरला कंटेनर डेपो आहे, समुद्र नसलेलं बंदरच म्हणा. मुंबईच्या बंदरातून रेल्वेनं डबे येतात, कस्टमची तपासणी नागपुरातच होते. पण डबा म्हणजे आठ फूट रुंद आणि वीस नाहीतर चाळीस फूट लांब. त्यात संत्र्याच्या रसाची पिंपं मावतात, यंत्रांचे सुटे भाग मावतात. दहा हत्ती एका रांगेत उभे केल्यासारखं लोखंडी पात्र मावत नाही. ते राहतं रस्त्याच्या नशिबी.

रस्त्यालाही कायद्याची चौकट आहेच. मालगाडीची रुंदी २.६ मीटर आणि उंची तेव्हाच्या नियमानं ३.८ मीटर. त्याच्या पलीकडचं सगळं 'ओडीसी', म्हणजे मापाबाहेरचा माल. त्याला वेगळी परवानगी, पुढं-मागं लाल झेंड्याच्या जीपा, आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाची तपासणी.

२०११ च्या एप्रिलमध्ये आली ती गाडी अशीच. पुढं दोन व्होल्वो पुलर, मागं ढकलायला एक, आणि मधे बुटक्या चाकांची लांबच लांब पलंगडी. तिच्यावर निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं एक नळकांडं, आमच्या शाळेच्या इमारतीहून लांब. मासूलकशाचा घाट उतरून ती आली तेव्हा चालणारा माणूस तिच्यापुढं जात होता. पोरांनी चाकं मोजायला सुरुवात केली. कोणी शंभर म्हणे, कोणी दीडशे. शेवटी ड्रायव्हरनंच सांगितलं: सोळा ओळी, दर ओळीत आठ. एकशे अठ्ठावीस.

ड्रायव्हर आझमगडकडचा, पन्नाशीचा माणूस. माल तेलाच्या कारखान्याचा आहे, ओडिशाकडं चालला आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. खरी मोठी पात्रं समुद्रातूनच जातात, म्हणाला. रस्त्यानं जातं ते त्यातलं लहान. लहान म्हणजे दोनशे टन.

त्यानं मला जे समजावलं ते मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. माल दोनशे टन, पलंगडीचं स्वतःचं वजन साठ-पासष्ट टन. सोळा ओळींत वाटलं तर एका ओळीवर साडेसोळा टन, आणि एका टायरवर दोन टनांच्या थोडं वर. त्या काळच्या नियमानं साध्या ट्रकच्या मागच्या चार टायरांवर १०.२ टन भार चालत होता, म्हणजे टायरमागे अडीच टन! म्हणजे आमच्या रस्त्याला रोजचा रेतीचा ट्रक या राक्षसापेक्षा जास्त दाबत होता. चाकांच्या वर तेलाच्या दाबावर चालणारे पाय असतात. खड्डा आला की तेवढा पाय लांबतो, उंचवटा आला की आखडतो, आणि वरचा माल सपाटच राहतो. रस्त्याला अशा गाडीचं भय नाही. भय पुलाला. कारण ट्रक आला नि गेला, पण या गाडीच्या चार-पाच ओळी एकदमच एका गाळ्यावर उभ्या राहतात.

आणि तिथंच ती अडली. आमच्या त्याच मोरीजवळ.

मुकादमानं मोरी पाहिली, कुठं फोन केले, आणि गाडी कडेला लावली. नाल्यातून वळणरस्ता करायचा ठरलं. पात्रात सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम दाबायचा. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी म्हाताऱ्यानं सांगितलं तेच. फक्त आता हेले नव्हते, जेसीबी होता. गावाला कोणी विचारलं नाही, कोणाचा खांदा लागला नाही.

लागली ती फक्त आमची तार. नळकांड्याची उंची मोठी, आणि शेताकडं जाणारी लाईन नेमकी रस्ता ओलांडून गेलेली. गाडी आज निघणार म्हणून सकाळीच तार उतरवली होती. गाडी निघाली नाही, तार तशीच राहिली. एक दिवस, दोन दिवस.

त्या वर्षी आमच्या दीड एकरात उन्हाळी धान होता. मामा तलावाचं पाणी मार्चमध्येच तळाला गेलेलं, सगळी भिस्त विहिरीवरच्या मोटारपंपावर. धान गर्भात होता. ज्यानं धान केला आहे त्याला सांगायला नको: गर्भात पाण्याचा खंड पडला तर लोंबी पोचट येते. तिसऱ्या दिवशी सकाळी बांधीला भेगा दिसू लागल्या. बाबा न्याहारी न करता उठले आणि रस्त्यावर गेले. मागून आम्ही दहा-बाराजण.

मुकादम खुर्चीवर बसला होता. त्यानं परवानगीचा कागद दाखवला. बाबांनी तो हातात घेतला नाही.

"तुमचा कागद खरा हाय जी," ते म्हणाले, "पन माया धान कागद नाई पीत."

आवाज वाढले. कोणी म्हणालं गाडीसमोर झोपतो, कोणी म्हणालं ठाण्यात चला. या सगळ्यात आझमगडचा ड्रायव्हर पुलरमधून उतरला आणि बाबांना हिंदीत विचारलं, किती पाणी लागेल? बाबा म्हणाले, एक रात्र. त्यानं मुकादमाला बाजूला नेलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाला, उद्या सकाळपर्यंत मी गाडी सुरू करत नाही, तार जोडा.

लाईनमन संध्याकाळी खांबावर चढला. त्या रात्री गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले. आम्ही कंदील घेऊन बांधावर होतो. नाल्यापलीकडं त्या गाडीचे लाल दिवे लुकलुकत होते, आणि पाणी भेगांत शिरताना चरचर आवाज येत होता. ड्रायव्हर रात्री बांधावर आला, बाबांची विडी घेतली, आणि म्हणाला की त्याच्याही घरी धानच होतो, पण त्यानं तीन हंगामांत स्वतःच्या हातानं कापणी केलेली नाही.

सकाळी तार पुन्हा उतरली आणि गाडी नाल्यात उतरली. एकशे अठ्ठावीस चाकं मुरमावरून गेली. पाईप फुटला नाही, मोरीचा दगड हलला नाही. दुपारी ती शिरपूरच्या नाक्याकडं दिसेनाशी झाली.

आमचा धान अर्धा वाचला. अर्धा पोचट आला. मुकादमानं सातबारा क्रमांक लिहून घेतला होता, नुकसानीचं पाहू म्हणाला होता. पाहणारं कोणी आलं नाही.

त्यानंतर जिल्ह्यातच वीज तयार होऊ लागली. तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प २०१२ पासून एकेक संच सुरू करत गेला आणि पाच संचांचा ३३०० मेगावॉट झाला. त्याची अजस्र यंत्रंही कोणत्यातरी गावांच्या तारांखालूनच गेली असणार. हमरस्ता चौपदरी झाला. आता अशी गाडी आली तरी थांबत नाही, पोरं मोजेपर्यंत निघून जाते.

बाबा बरीच वर्षं हा हिशोब करत. बॉयलर नेताना गावाचा खांदा लागला, म्हणून दोन पायली धान आलं. नळकांडं नेताना गावानं फक्त बाजूला व्हायचं होतं, आणि बाजूला होण्याची मजुरी कुठल्याच कागदात नसते. हे ते रागानं म्हणत नसत. मुरमाचा तो वळणरस्ता मात्र कोणी उचलून नेला नाही. दोन पावसाळ्यांत वरचा मुरूम वाहिला, पाईप राहिले. बंड्या अजून तिथूनच शेतात जातात, आणि लोक त्या जागेला 'व्होल्वोचा रपटा' म्हणतात.