कधीही न आलेला भाडेकरू

घरपट्टीचे देयक हाती पडले म्हणजे सामान्य गृहस्थ प्रथम शेवटच्या ओळीतील रक्कम पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि तो कागद कपाटातील इतर कागदांखाली सारून मोकळा होतो. मधल्या रकान्यांकडे, त्यांतही ‘करयोग्य मूल्य’ या रकान्याकडे, त्याचे सहसा लक्ष जात नाही. आमचे एक वयोवृद्ध शेजारी मात्र याला अपवाद होते. दरसाल देयक आले की ते चष्मा पुसून विचारीत, “अहो, घर माझे, राहतो मी, भाड्याचा एक छदाम कुणाकडून घेत नाही, मग हे वार्षिक भाडे कोणाचे?” आम्ही हसत असू, परंतु त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास मनुष्य थेट एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात जाऊन पोहोचतो.

नाव तेवढे आपल्या घरचे. संस्कृतातील ‘पट्ट’ म्हणजे वस्त्राची वा धातूची लांबट पट्टी. तिच्यावरून आलेला ‘पट्टी’ हा शब्द मराठीत जमिनीच्या, कापडाच्या पट्ट्याप्रमाणेच माणसांकडून ठरावीक हिश्शाने गोळा करावयाच्या रकमेलाही लागला, आणि जत्रेसाठी घरटी पट्टी काढण्याचा प्रघात खेड्यापाड्यांतून अद्याप आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांत मूळ साऱ्याखेरीज ज्या अनेक बाबी आढळतात त्यांत घरपट्टी आहे आणि तिच्या शेजारी मोहतर्फाही आहे. हा दुसरा शब्द अरबीतील ‘हिर्फत’ म्हणजे कसब किंवा धंदा या शब्दाच्या कुळातला असून दुकानदार, कारागीर यांच्या उदिमावर तो कर बसे. मुंबई इलाख्यातील मोहतर्फा व बलुत्यांवरील कर १८४४ च्या १९ व्या कायद्याने उठले. मोहतर्फा हा शब्द आता कोशात उरला आहे. घरपट्टी मात्र उरली ती उरलीच.

परंतु तिच्या आत जो हिशेब बसला आहे, तो साता समुद्रांपलीकडून आलेला आहे. इंग्लंडात १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीवर, आपल्या गोरगरिबांच्या पोषणाचा भार टाकला आणि त्यासाठी तेथील घरा-जमिनींवर कर बसविला. एका पॅरिशमध्ये आकारणी एका रीतीने, शेजारच्या पॅरिशमध्ये निराळ्याच रीतीने, असा घोळ दोन शतकांहून अधिक काळ चालल्यावर १८३६ साली पार्लमेंटने सर्वांना एकच माप घालून दिले: ही मालमत्ता सालोसाल भाड्याने दिल्यास वाजवीपणे किती भाडे येईल अशी अपेक्षा करता येईल, ते पाहावे. घर प्रत्यक्ष भाड्याने दिले आहे की मालक स्वतः राहतो आहे, याच्याशी या मापाला कर्तव्य नव्हते. जो कधी आला नाही, ज्याने पागडी दिली नाही की भांडण केले नाही, असा एक कल्पित भाडेकरू कायद्याने अशा रीतीने प्रत्येक घरात आणून बसविला.

भाड्यावरून घराचा कर ठरविण्याची ही रीत कंपनी सरकारने त्याहीपूर्वी आपल्याकडे आणली होती. १८१० च्या १५ व्या रेग्युलेशनने घरांच्या वार्षिक भाड्यावर शेकडा ५ आणि दुकानांच्या भाड्यावर शेकडा १० असा कर बसला, तेव्हा काशीच्या लोकांनी दुकाने बंद केली, धंदे थांबविले आणि घरावर कर म्हणून घरेच सोडून ते उघड्यावर धरणे धरून बसले. सरकारला तो कर अखेर मागे घ्यावा लागला. करवसुलीच्या इतिहासात इतके समर्पक उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

मुंबईत हे माप पक्के रुजले ते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने. त्याच्या १५४ व्या कलमात १८३६ चीच शब्दरचना ओळखू येते; वर दुरुस्ती व इतर सर्व सबबींपोटी दहा टक्के वजावट आहे. म्हणजे, उदाहरणादाखल, कल्पित भाडेकरूने दरमहा १,००० रुपये दिले असते असे ठरले, तर वर्षाचे १२,००० होतात; त्यांतून १,२०० वजा जाता उरलेले १०,८०० हे करयोग्य मूल्य, आणि सर्वसाधारण कर, मलनिस्सारण इत्यादी बाबींचे शेकडा दर या आकड्यावर चालतात. शेजारीबुवांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

पुढे या भाडेकरूची विलक्षण अडचण झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकले. आणि कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाड्याची ‘वाजवी अपेक्षा’ कशी करावी, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात, १९७९ साली, प्रमाण भाडे हीच वार्षिक मूल्याची कमाल मर्यादा ठरविली. परिणामी दक्षिण मुंबईतील जुन्या, मोक्याच्या जागेचा कर नाममात्र, तर उपनगरात नव्याने बांधलेल्या बेताच्या घराचा कर त्याच्या कितीतरी पट, असा प्रकार उघड दिसू लागला. माझ्या मते पद्धत बदलण्यास हे एकच कारण पुरेसे होते. १ एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे शीघ्रसिद्धगणकातील दराच्या आधारे येणाऱ्या किमतीवर, आकारणी सुरू झाली. त्या नियमांवरही दावे झाले आणि त्यांतील काही नियम उच्च न्यायालयाने रद्द ठरविल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो निर्णय कायम केला. पुण्यात मात्र वार्षिक भाड्याचा हिशेब चालूच आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला तेथे १९७० पासून चाळीस टक्के सवलत मिळे, ती मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ साली पुन्हा मिळाली.

देयकातील प्रत्येक पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत राहतो असेही नाही. शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्यान्वये राज्य सरकारचा असतो, नगरपालिका तो फक्त गोळा करते. खेड्यात आकारणीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते आणि पुष्कळ लोक तो उतारा मालकीचा पुरावा समजून जपून ठेवतात. तो कोणाकडून कर घ्यावयाचा एवढेच सांगतो, मालकी सिद्ध करीत नाही.

तेव्हा यंदाचे देयक कपाटात सारण्यापूर्वी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वर्ष, आणि वापर निवासी की बिगरनिवासी, हे रकाने आपल्या घराशी ताडून पाहावेत. चूक आढळल्यास नोटिशीतील मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.