साबू सिद्दीकचे मास्तर: कादर खान



३१ डिसेंबर २०१८ ला टोरांटोच्या एका हॉस्पिटलात कादर खान गेले. तेव्हा जवळजवळ सगळीकडे एकच मथळा होता: विनोदी नट कादर खान यांचं निधन. त्यात खोटं काही नाही, पण मला ते खटकलं होतं आणि अजूनही खटकतं. ज्या माणसाने 'अमर अकबर अँथनी'चे संवाद लिहिले, तो आपल्याला फक्त गोविंदाचा खवट सासरा म्हणून आठवतो. हा मूळचा उर्दू नाटकवाला आणि सिव्हिल इंजिनियरिंगचा मास्तर. आपल्यापैकी निम्म्यांच्या गळ्यात इंजिनियरिंगचं लोढणं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

जन्म काबूलचा, १९३७ चा. आधीचे तीन भाऊ आठेक वर्षांचे होऊन गेले. या जागेतच काही तरी आहे असं आईने घेतलं आणि कुटुंब मुंबईला आलं. मुंबई म्हणजे कुठे, तर कामाठीपुरा! पुढे आईवडिलांची फारकत, सावत्र बाप, खायची भ्रांत. बरोबरीची पोरं कारखान्यात रोजावर जायची, तसा हाही निघाला होता. आईने अडवलं आणि सांगितलं, ही गरिबी मिटवायची असेल तर तू शीक. हा प्रसंग त्यांनी मुलाखतींत बऱ्याच वेळा सांगितलाय.

आणखी एक आठवण ते सांगायचे. आई नमाजाला पाठवायची आणि हा पोरगा तिथून सटकून कब्रस्तानात जाऊन बसायचा. दिवसभरात ऐकलेली वाक्यं तिथे एकट्याने मोठमोठ्याने म्हणायची. जुन्या रंगभूमीवरचे नट अश्रफ खान यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी या पोराला थेट नाटकात उभं केलं. आता 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) आठवा. कब्रस्तानात रडणाऱ्या लहानग्या सिकंदरला दुःखातही हसायला शिकवणारा तो फकीर. ती भूमिका कादर खान यांनी स्वतः केली आणि संवादही त्यांचेच.

इस्माईल युसूफ कॉलेज झालं, सिव्हिल झालं आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये नोकरी लागली. १९७० ते ७५ ते तिथे शिकवत होते. एकीकडे नाटकं चालूच. 'ताश के पत्ते' गाजलं, दिलीपकुमारनी ते पाहिलं आणि सिनेमात घेतलं. 'लोकल ट्रेन' स्पर्धेत उतरलं, तिथे परीक्षकांत राजिंदरसिंग बेदी आणि त्यांचे दिग्दर्शक चिरंजीव नरेंद्र बेदी होते. नरेंद्र बेदींनी 'जवानी दिवानी'चे (१९७२) संवाद लिहायला सांगितले. मास्तर क्रॉस मैदानावर जाऊन बसले, आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळताहेत, आणि चारेक तासांत लिहून मोकळे! मिळाले १५०० रुपये. दोनच वर्षांनी मनमोहन देसाईंच्या 'रोटी'ला (१९७४) मिळाले १,२१,०००. आकडे त्यांनीच सांगितलेले आहेत. यापेक्षा भारी पगारवाढ मी तरी ऐकलेली नाही.

एवढे पैसे देसाईंनी का दिले? मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. हिंदी सिनेमाचे संवाद तोवर बरेचसे पुस्तकी उर्दूत चालायचे. नायक गिरणगावातला असो की बंगल्यातला, बोलायचा लखनौच्या नवाबासारखा. देसाईंना या नटव्या भाषेचा कंटाळा आला होता. त्यांना शेरोशायरी नको होती, पिटातल्या टाळ्या हव्या होत्या. आणि समोर आला असा मुन्शी की ज्याला गालिब तोंडपाठ आहे, पण ज्याचे कान कामाठीपुऱ्याच्या नाक्यावर तयार झालेत. त्या नाक्यावरची हिंदी म्हणजे निम्मी आपलीच. 'अपुन'मागे आपलं 'आपण' उभं आहे, 'वाट लगना' तर सरळसरळ आपलं वाट लागणं. ही भाषा आधी विनोदी पात्रांना किंवा मवाल्यांना दिली जायची. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) ती हीरोच्या तोंडी आली आणि सबंध देशाला मुंबईची बोली कळायला लागली.

देसाई आणि प्रकाश मेहरा हे त्या काळातले प्रतिस्पर्धी. दोन्ही कंपूंत सुखाने वावरणारे दोघंच, एक अमिताभ आणि दुसरे कादर खान. इकडे 'नसीब', 'कुली', तिकडे 'लावारिस', 'शराबी'. सलीम-जावेद पोस्टरवर झळकले आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण हे पडले संवादलेखक. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, शिट्ट्या यांच्या वाक्यांना आणि नाव नटाचं.

मराठी माणसाने तर 'अग्निपथ' (१९९०) विसरूच नये. मांडव्याच्या मास्तर दीनानाथ चौहानांचा मुलगा विजय, त्याची ती घोगरी, संथ, एकेक शब्द चावून बोलायची पद्धत! आवाज अमिताभचा, कवितेची ओळ हरिवंशरायांची, पण संवाद काबूलला जन्मलेल्या पठाणाचे. कोकणातल्या मास्तराच्या पोराचा ताठा त्यांना कुठून सापडला कोण जाणे. स्वतः मास्तर होते म्हणूनही असेल.

आता दुसरी बाजू. १९८३ च्या 'हिम्मतवाला'पासून मद्रासच्या निर्मात्यांची जी लाट आली, तिने त्यांना विनोदी नट केलं. व्हिलनगिरी का सोडली याचाही त्यांचा एक किस्सा होता. मुलगा शाळेतून कपडे फाडून घरी आला. 'तुझा बाप शेवटी मार खातो' म्हणून पोरं चिडवत होती, तो मारामारी करून आला होता. किस्सा गोड आहे, पण त्यानंतरचं बरंच लिखाण आज बघवत नाही. द्वयर्थी विनोद, बायकांवरची टिंगल. सुमारे ३०० सिनेमांत काम आणि त्यावर इतकं लेखन, म्हणजे रतीबच. दूध पातळ होणारच. त्यात 'मेरी आवाज सुनो' आणि 'अंगार' या दोन्हींच्या संवादांना फिल्मफेअर मिळालं हेही नोंदवायला हवं.

उतारवयात ते पुन्हा शिकण्या-शिकवण्याकडे वळले. अरबीचा अभ्यास केला, उस्मानिया विद्यापीठातून एम.ए. केलं. शेवटी मेंदूच्या आजाराने हालचाली आणि बोलणं दोन्ही अवघड झालं. मुलं कॅनडात, म्हणून मुक्काम इकडे. इंडस्ट्रीतून कुणी विचारपूस केली नाही, अशी नाराजी मुलाने नंतर बोलून दाखवली. दफन इथेच मेडोवेलला झालं. पद्मश्री मिळाली २०१९ मध्ये, म्हणजे गेल्यानंतर.

गालिबचे शेर समजावून सांगतानाची त्यांची रेकॉर्डिंगं नेटवर सापडतात. ती जरूर ऐका. एकेक शब्द सुटा करून, अर्थ लावून, मग अख्खा शेर पुन्हा म्हणतात. थेट वर्गात बसल्यासारखं वाटतं. आणि १९७० ते ७५ मध्ये साबू सिद्दीकला सिव्हिलला असलेलं कुणी आपल्यात असेल, किंवा कुणाचे वडील-काका असतील, तर कृपया लिहा. फळ्यापाशी उभे राहून ते कसे शिकवायचे, हे मला जाणून घ्यायचंय.