हानी आणि लाभ : मराठवाड्यातील ख्रिस्ती निष्ठेच्या दोन कसोट्या

गोदावरीच्या उत्तरेस, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव वसलेले आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हेही याच तालुक्यातले. गावाच्या नावातच एका बलुतेदाराचा उल्लेख आहे, आणि धर्मान्तराचा विचार करताना ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. निजामाच्या राज्यातील अशा खेड्यांत धर्म ही एकट्या व्यक्तीच्या अंतःकरणातील बाब नव्हती. काम, धान्य, पाणी व सोयरीक या चारही गोष्टी तिच्याशी बांधलेल्या होत्या. गावदेवीच्या जत्रेत वाद्ये वाजविणे हे मांगाचे परंपरागत काम, आणि त्या कामावरच त्याचे बलुते अवलंबून. ख्रिस्ती झालेल्या मांगाने मूर्तिपूजेत भाग घेणे नाकारले, की प्रश्न श्रद्धेपाशी न थांबता थेट खळ्यावरील धान्यापर्यंत जाई. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, हा करिंथ येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढील प्रश्न येथे अशा रूपाने उभा राहिला.

जालना परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा आरंभ मात्र मुंबईत शोधावा लागतो. १८४३ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे होय. त्या वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या प्रश्नावरून फूट पडली. मुंबईतील जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चला मिळाले आणि त्यामुळे त्यांना आपल्या शिक्षणसंस्थेची इमारत सोडावी लागली. त्याच वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. वडिलांच्या अर्जावरून मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्यास त्यांच्या स्वाधीन केले. पुढे त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे काय, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली, तेव्हा सनातनी मंडळींचा रोष त्यांनाही सोसावा लागला. म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीस अनुसरण्याची किंमत त्या प्रसंगी मिशनरी, नवख्रिस्ती व हिंदू सुधारक अशा तिघांनीही मोजली. निष्ठा ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

धर्मान्तरामुळे वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० साली एकविसावा कायदा झाला. परंतु तो कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. जालना निजामाच्या राज्यात होते. नारायण शेषाद्रींनी १८६० नंतरच्या दशकात तेथे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांच्याकडे आलेले लोक बहुतांशी मांग व महार होते. त्यांच्यापाशी गमावण्यास वडिलोपार्जित इस्टेट क्वचितच होती. जे होते ते गावकीतील स्थान, आणि तेच जाई. यावर उपाय म्हणून सालारजंगाच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारण्यात आली. शेती, विहीर, शाळा व उपासनामंदिर एकत्र असलेल्या या वसाहतीने हानीचा दाब पुष्कळसा हलका केला.

तथापि येथूनच दुसरी कसोटी सुरू होते. आश्रय मिळताच हेतूविषयी शंका उत्पन्न झाली. मनुष्य ख्रिस्तासाठी आला की जमिनीसाठी, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारीत, आणि मंडळीतील विवेकी माणसांनाही तो टाळता येत नसे. या शंकेत अर्धसत्य आहे. भुकेल्या माणसाचा हेतू संमिश्र असणे स्वाभाविक होय. परंतु वतनासाठी जुन्या धर्मात राहणाऱ्याचा हेतू तरी निर्भेळ कसा म्हणावा? पीडेपेक्षा लाभाची कसोटी अधिक सूक्ष्म असते, एवढे मात्र खरे.

हे ज्यांनी स्वतःपुरते ओळखले त्यांत नारायण वामन टिळकांचे नाव अग्रगण्य आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना त्यांना पत्नीचा वियोग पत्करावा लागला. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, पण त्यांनी केवळ पतीखातर धर्म बदलला नाही. स्वतःची खात्री पटल्यावरच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची पुढील कृती याहूनही बोलकी आहे. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हानी सोसून आलेल्या पुरुषाने उतारवयात लाभही नाकारला.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. त्यामुळे आचरणाने ख्रिस्ती व कागदोपत्री हिंदू राहण्याचा मोह गरीब कुटुंबापुढे उभा राहिला. पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, नियमाने चर्चला जाणाऱ्या स्त्रीने आरक्षणासाठी हिंदू असल्याचा केलेला दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि अशा दुहेरी वर्तनास संविधानाशी केलेली फसवणूक ठरविले.

नैतिक दृष्टीने सत्य बोलणे हे श्रद्धावंताचे कर्तव्यच होय. परंतु इतिहासाने न्याय करताना दुसरी बाजूही तोलली पाहिजे. ख्रिस्ती झाल्याने त्या कुटुंबाची गावातील जात पुसली गेली नाही. केवळ जातीमुळे मिळणारे संरक्षण गेले. ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याची शिक्षा दुर्बळालाच होते, तेथे निष्ठेतील उणिवेचा दोष एकट्या दुर्बळाच्या माथी मारता येत नाही. टिळकांना पगार सोडता आला, कारण त्यांच्यापाशी विद्या व कीर्ती होती. बलुत्यावर जगणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या मांगाने वाद्य खाली ठेवले असेल, तर त्याने सोडलेले धान्य मोजमापाने थोडे असले तरी त्याच्या घरी तेवढेच होते. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना संशोधकाने हे माप हाती धरावे.