यंत्राच्या अंतरंगाची साक्ष

मोटारीच्या एंजिनांत काय घडतें हें बाहेरून दिसत नाहीं. बंद लोखंडी पात्रांत सेकंदाच्या अत्यल्प अंशांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें, दाब वाढतो, दट्ट्या ढकलला जातो आणि पुन्हां तेंच चक्र सुरू होतें. या घटनेची हकीकत हवी असेल तर आंत एखादा साक्षीदार पाठवावा लागतो. आणि साक्षीदार म्हटला कीं तो खरें बोलतो कीं नाहीं हा प्रश्न आलाच. एंजिनाच्या मोजमापाचा दोन शतकांचा इतिहास हा वस्तुतः या साक्षीदाराच्या उलटतपासणीचा इतिहास होय.

पहिला साक्षीदार बाष्पयंत्राच्या काळीं इंग्लंडांत निर्माण झाला. सिलिंडरांतील वाफेचा दाब समजावा म्हणून जेम्स वॅट यानें एक छोटें उपकरण केलें होतें. स्प्रिंगनें धरलेला लहानसा दट्ट्या त्यांत सरके व कांटा दाब दाखवी. परंतु कांटा क्षणांत हाले आणि पाहणाराच्या हातीं कांहींच उरत नसे. सन १७९६ मध्यें वॅटचा साहाय्यक जॉन सदर्न यानें कांट्याच्या जागीं पेन्सिल बसविली आणि मुख्य दट्ट्याबरोबर पुढेंमागें सरकणारी पाटी तिच्यासमोर ठेविली. पाटीवरील कागदावर एक बंद आकृति उमटूं लागली. तिच्या क्षेत्रफळावरून वाफेनें एका फेऱ्यांत किती काम केलें हें काढतां येई. या युक्तीचें मोल एवढें होतें कीं ती कित्येक वर्षें गुप्त ठेवण्यांत आली.

पुढें यंत्रांची गति वाढली आणि साक्षीदार अडखळूं लागला. पेन्सिलीला स्वतःचें वजन होतें, स्प्रिंगेला स्वतःचें कंपन होतें. कागदावर ज्या लाटा उमटत त्या वाफेच्या कीं स्प्रिंगेच्या, हें सांगतां येईना. सन १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनांत रिचर्ड्स या अमेरिकन यंत्रज्ञाचें सुधारलेलें उपकरण लोकांपुढें आलें. त्यांत स्प्रिंग ताठ असून दट्ट्या थोडाच हाले, आणि ती हालचाल तरफेनें वाढवून पेन्सिलीस मिळे. परंतु पेट्रोलच्या एंजिनापुढें हाही उपाय तोकडा पडला. तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन आदि संशोधकांनीं पेन्सिलच काढून टाकिली व तिच्या जागीं आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण आणिला. किरणाला वजन नसतें.

या किरणानें एका निरपराध्याची सुटका केली. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें मोटारीला विजेचा स्टार्टर व बॅटरीची ठिणगी दिली होती. एंजिनांत हातोडी आपटावी तशी खटखट होऊं लागली कीं लोक त्याच्या ठिणगीला दोष देत. त्याचा सहकारी टॉमस मिज्ली यानें दाबाचे आलेख घेतले. मिश्रण ठिणगीपूर्वींच पेटत असतें तर दाब आधींच चढला असता. परंतु तो भयंकर उसळे तो ठिणगीनंतर. दोष ठिणगीचा नसून इंधनाच्या जळण्याचा होता. त्यावर उपाय शोधतांना ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड हें शिशाचें द्रव्य हातीं लागलें. निदान अचूक होतें; औषध मात्र विषारी निघालें. सन १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथें या द्रव्याच्या विषबाधेनें ५ कामगार मृत्यु पावले. तरीही शिसेंमिश्रित पेट्रोल जगभर पसरलें. भारतांत तें सन २००० मध्यें व जगांतील मोटारींतून २०२१ मध्यें बंद झालें.

याच सुमारास साक्षीदाराची भाषाही पालटत होती. क्यूरी बंधूंनीं सन १८८० मध्यें दाखविलें होतें कीं कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां वीज उत्पन्न होते. अशा विद्युत्संवेदकांमुळें वजनाची अडचण सरली, पण दुसरा शत्रु उभा राहिला. ठिणगी हजारों व्होल्टची, आणि संवेदकाचा संकेत बहुधा एका व्होल्टाच्याही आंतला! शिवाय मोटारीचा लोखंडी सांगाडा हाच विजेचा परतीचा मार्ग. त्या मार्गाचा रोध ओहमचा शंभरावा भाग असला आणि त्यांतून १० अँपिअर प्रवाह वाहिला तरी दशांश व्होल्टाचा फरक पडतो. म्हणून संवेदकाला परतीची स्वतंत्र तार देतात, दोन्ही तारा एकमेकींस पीळ घालून नेतात व ठिणगीच्या तारांपासून दूर ठेवितात. पिळाची ही युक्ति ग्रॅहॅम बेलनें दूरध्वनीसाठीं १८८१ मध्येंच योजिली होती.

कार्ब्युरेटरच्या मोटारींत हें काम अधिकच कठीण. माइबाखनें १८९३ मध्यें रूढ केलेल्या फवाऱ्याच्या पद्धतींत हवेचें शोषणच पेट्रोल ओढून घेतें. तेथें विजेची गरजच नसते. पूर्वीं कुर्ल्यास तयार होत असलेली पद्मिनी याच घराण्यांतली. अशा गाडीला प्रत्येक संवेदक बाहेरून जोडावा लागतो. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां सेकंदांत १०० वेळां श्वास घेतें. नोंदयंत्रानें सेकंदांत १० च नोंदी घेतल्या, तर मुळांत नसलेल्या संथ लाटा कागदावर दिसूं लागतात.

धुरांतील प्राणवायु ओळखणारा संवेदक १९७६ मध्यें व्होल्व्हो मोटारीवर आला. तो सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापल्याशिवाय विश्वासानें बोलत नाहीं. त्याच्या अलीकडे धुराच्या नळीला फट असली, अथवा एखादी ठिणगी चुकली, तर प्राणवायु वाढतो आणि पेट्रोल भरपूर असूनही तें कमी असल्याचा भास होतो. येथें साक्षीदार खोटें बोलत नाहीं; ऐकणाराच चुकीचा अर्थ घेतो. आणि या संवेदकाला निकामी करणारें विष कोणतें? तेंच मिज्लीचें शिसें. एका खऱ्या साक्षींतून निघालेल्या औषधानें पुढच्या साक्षीदाराचें तोंड बंद केलें.

या सर्वांवर तोडगा जुनाच आहे. बाष्पयंत्राची आकृति घेतांना यंत्रज्ञ नळ फिरवून उपकरणाचा सिलिंडराशीं संबंध तोडीत, त्यांत बाहेरची हवा घेत आणि कागदावर वातावरणाच्या दाबाची सरळ रेषा काढीत. आजही संवेदकाच्या जागीं एक स्थिर रोध जोडून एंजिन चालवावें. नोंदींतली रेषा सरळ राहिली तर पुढचें खरें मानावें. ती थरथरली तर ती थरथर एंजिनाची नव्हे, तारांची आहे. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे, असा प्रश्न साक्षीदाराला प्रथम विचारावा.